हब लावायला कोण उतरणार?

परवा ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर सफारीची गाडी चालवणाऱ्या मामेभावानं मोबाइलवर एक फोटो पाठवला. कुठल्याशा हायवेवर, टोलनाक्याच्या अलीकडे, चालत्या गाडीतून घाईघाईत काढलेला. काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या स्टिकरमध्ये नखशिखांत गुंडाळलेली एक चौकोनी गाडी, मागच्या दाराला टांगलेली स्टेपनी, आणि खाली भावाचं एवढंच वाक्य : ‘ताई, जिप्सी परत येऊन राहिली म्हणते.’

असा फोटो येण्याची ही पहिली वेळ नाही. २०१९ मध्ये मारुतीनं जिप्सी बंद केली, तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडावर कुठून तरी ही बातमी उगवतेच. १ जुलैला ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद होतो, गेटवरच्या ड्रायव्हरांना तीन महिने मोकळे मिळतात, आणि चहाच्या टपरीवर गाड्यांचा विषय निघतो. कुणाच्या तरी पुतण्यानं गुडगावच्या कारखान्याबाहेर पाहिलेली असते. कुणाला शोरूममधल्या ओळखीच्या माणसानं ‘दिवाळीपर्यंत थांबा’ म्हणून सांगितलेलं असतं. मी पुण्यात राहते, रोज ऑफिसला जाण्यापुरती एक छोटी गाडी चालवते, आणि तरीही दर वेळी तो फोटो बोटांनी मोठा करून बघते. माझी नजर पुढच्या चाकावर जाते. तिथं मधोमध फिरवायची चकती आहे का, ते मी शोधत असते.

ती चकती माझ्या लहानपणातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू होती.

माझे मामाजी मूल तालुक्यात तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे दिवाणजी होते. गावोगावी विडीची ही पानं गोळा होतात त्या फळ्यांवर जायचं, पुडे मोजून घ्यायचे, मजुरीचा हिशेब ठेवायचा, माल उचलायची व्यवस्था बघायची. २००० साली त्यांनी नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून सैन्यातून निकाली निघालेली जिप्सी घेतली. स्वतःची गाडी असली की हंगामात भाडं वेगळं मिळायचं. व्यापाऱ्यानं तिला वरून पांढरा रंग मारलेला, पण मडगार्डच्या कडेला, दाराच्या बिजागरीशी, जिथे जिथे टवका उडाला होता तिथे खालचा लष्करी हिरवा डोकावायचा. मी आणि माझी बहीण उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे गेलो की नखानं खरवडून तो हिरवा आणखी थोडा मोठा करायचो. मामाजी बघायचे, बोलायचे नाहीत.

त्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांच्या मध्यावर अर्ध्या लिंबाएवढी फुगीर, वर आडवी धार असलेली चकती होती. तिच्यावर दोन शब्द कोरलेले : फ्री आणि लॉक. एरवी ती फ्रीवर असायची. म्हणजे पुढची चाकं नुसती घरंगळायची, आतला आस आणि दोन चाकांत ताकद वाटून देणारं डिफरन्शियल निवांत बसून राहायचे, पेट्रोल वाचायचं आणि झीज कमी व्हायची. गाऱ्यात, म्हणजे चिखलात, शिरायची वेळ आली की कुणीतरी खाली उतरून दोन्ही चकत्या लॉकवर फिरवायच्या, मग आत बसलेल्यानं गिअरशेजारचा छोटा दांडा मागे ओढायचा. तेव्हा कुठे चारही चाकांना ताकद जायची. ड्रायव्हर लोक याला ‘हब लावणे’ म्हणतात. मामाजींच्या गाडीत हब लावायचं काम माझ्याकडे होतं.

२००२ च्या मे महिन्यातली एक संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. तेंदूपत्त्याला पावसाची फार भीती. वाळत घातलेलं पान भिजलं की डागाळतं, आणि महिनाभराची मेहनत मातीमोल होते. त्या दिवशी दुपारपासून आभाळ भरून आलेलं. मामाजींना दोन फळ्यांवर मजुरीचे पैसे पोचवायचे होते आणि वाळलेला माल झाकला गेला की नाही हे बघायचं होतं. मी बारा वर्षांची, हट्टानं पुढच्या सीटवर बसलेली. पहिल्या गावापर्यंत नुसता वारा होता. दुसऱ्या गावाच्या अलीकडच्या नाल्याशी पोचलो तोवर सर कोसळून गेलेली, आणि काळ्या मातीचा उतार लोण्यासारखा झालेला.

मामाजींनी गाडी थांबवली. ‘उतर पोरी. हब लाव.’

मी चप्पल गाडीतच ठेवून उतरले. पाय घोट्यापर्यंत आत गेला. डाव्या चाकाशी उकिडवी बसले, चकतीच्या खाचेत बसलेली माती फ्रॉकच्या काठानं पुसली आणि दोन्ही हातांनी फिरवली. आतून खट्ट झालं. ते खट्ट कानांनी ऐकू येण्याआधी बोटांना कळतं. मग धावत जाऊन आत बसले. वीज कडाडत होती आणि मला भीती वाटत होती.

गाडी नाल्याच्या मध्यापर्यंत गेली आणि थांबली. मागची दोन्ही चाकं जागच्या जागी फिरायला लागली, मागच्या चिखलाचे सपकारे थेट हूडवर. पुढची चाकं मात्र गप्प. मामाजींनी दांडा पाहिला, तो जागेवर होता. माझ्याकडे पाहिलं. ‘दोन्ही लावले ना?’

मी एकच लावला होता.

एकच हब लावला तर काय होतं हे त्यांनी नंतर कंदिलाच्या उजेडात मला काडीनं जमिनीवर काढून दाखवलं. पुढच्या डिफरन्शियलला जी बाजू सोपी सापडते तिकडे ते ताकद धाडतं. मोकळ्या हबाच्या बाजूचा आस चाकाला जोडलेलाच नसतो, त्यामुळे तो आतल्या आत फुकट गरगरतो आणि सगळी ताकद तिकडेच वाहून जाते. लावलेल्या बाजूला काही उरत नाही. म्हणजे एक हब लावणं आणि एकही न लावणं, दोन्ही सारखंच. त्या क्षणी मात्र त्यांनी काही समजावलं नाही, रागावलेही नाहीत. स्वतः उतरले, गुडघाभर पाण्यातून फिरून माझ्या बाजूला आले, मला उचलून उजव्या चाकाशी उभं केलं आणि म्हणाले, ‘तूच फिरव.’ मी पाण्यात हात घालून चाचपडत चकती शोधली आणि फिरवली. खट्ट. लो गिअरमध्ये, पहिल्या टप्प्यात, घुरघुरत, जराही घाई न करता ती गाडी नाल्याबाहेर आली. फळीवर बायका डोक्यावर पोती घेऊन वाट बघत उभ्या होत्या. माल ताडपत्रीखाली गेलेला होता. मामाजींनी रात्री दहापर्यंत बसून मजुरी वाटली.

जिप्सी परत येणार म्हटलं की माझ्या पोटात जे हलतं, ते हे आहे.

डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीनं ही गाडी बाजारात आणली. मारुती ८०० येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. जिप्सीचं आतलं नाव एमजी ४१०, म्हणजे मारुती जिप्सी, चार सिलिंडर, एक लिटर. ९७० सीसीचं लहानसं पेट्रोल इंजिन, शिडीसारखी चेसी, पुढे-मागे स्प्रिंगचे पाटे, वर कॅनव्हासचा हूड. सुरुवातीच्या गाड्यांची चाकं इतकी जवळजवळ होती की वळणावर जपावं लागायचं. १९९३ मध्ये दोन चाकांमधलं अंतर ९ सेंटिमीटरनी वाढवलं. १९९६ मध्ये १.३ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर घेऊन जिप्सी किंग आली, पुढे कार्बोरेटर जाऊन पेट्रोल फवारणारं एमपीएफआय आलं. चौतीस वर्षांत बदल म्हणावे असे एवढेच. बाकी ती होती तशीच राहिली, आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या लोकांनाही तेच हवं होतं.

तिची खरी ताकद वजनात होती, किंवा वजन नसण्यात. हजार किलोच्या आसपासची गाडी. मोठमोठ्या डिझेल गाड्या स्वतःच्याच भारानं चिखलात रुतत जातात, तिथे ही वरच्यावर निघून जायची. आणि रुतलीच तर चार माणसं तिला ढकलू शकायची. हिमालयातल्या चौक्यांवर, राजस्थानच्या वाळूत सैन्यानं ती वापरली. रेड दे हिमालय शर्यतीत सुरेश राणा यांनी जिप्सी पळवून जिंकून दाखवली. आणि आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावी पोलिसांची जिप्सी येताना दिसली की पारावरची गप्पाष्टकं विरायची. तरी माझ्या मते तिचा खरा मान जंगलात आहे. विदर्भात ‘जिप्सी’ हे आता कंपनीचं नाव राहिलेलंच नाही. सफारीची उघडी गाडी म्हणजे जिप्सी, मग ती कुठल्याही कंपनीची असो. ‘जिप्सी बुक केली का?’ असंच लोक विचारतात.

२०१९ मध्ये ती थांबली याची कारणं कागदावर अगदी योग्य आहेत. त्या एप्रिलपासून सगळ्या गाड्यांना, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं, जुलैपासून ड्रायव्हरसाठी एअरबॅग, ऑक्टोबरपासून धडकेच्या चाचणीचे नवे नियम, आणि एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम. ऐंशीच्या दशकात काढलेल्या आराखड्यात हे सगळं बसणारं नव्हतं. मी त्या नियमांच्या विरोधात एक अक्षर बोलणार नाही. माझ्या भावाच्या गाडीत रोज सहा पर्यटक, एक गाईड आणि तो स्वतः बसतो. त्यांच्या जिवाची काळजी घेणारा नियम मला हवाच आहे. सैन्यानंही त्याआधीच, २०१७ मध्ये, ३,१९२ टाटा सफारी स्टॉर्म मागवून आपली वाट बदलायला घेतली होती. त्यामुळे जुनी जिप्सी जशीच्या तशी परत यावी असं मी म्हणत नाही. तिच्याकडे जे काम होतं ते कोण करणार, एवढंच मला विचारायचं आहे.

या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक गाडी खरोखर आली. फेब्रुवारी २०२० च्या ऑटो एक्स्पोत मारुतीनं ग्रेटर नोएडात जिप्सीच्याच कुळातली तीन दारांची जिम्नी नुसती मांडून ठेवली. विक्रीबद्दल अवाक्षर नाही. पुढची तीन वर्षं अफवांना उधाण आलं. २०२१ च्या जानेवारीत कंपनीनं भारतात बनवलेल्या जिम्नी जहाजावर चढवून लॅटिन अमेरिकेला पाठवल्या, आणि इथले चाहते किनाऱ्यावरच राहिले. भाऊ तेव्हा रोज फोन करायचा. त्याची सफारीची जिप्सी २०१२ ची. गाडीला वयाची मर्यादा येणार, सुटे भाग महाग होत चाललेले, जुन्या जिप्सीला व्यापारी तोंडाला येईल ती किंमत सांगत होते. त्याला नवी गाडी हौसेसाठी नको होती. त्याचं पोट तिच्यावर होतं.

जून २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आली. १२ लाख ७४ हजारांपासून १५ लाखांच्या वरपर्यंत. जिप्सी बंद झाली तेव्हा ती सहा-साडेसहा लाखांत मिळत होती.

मी पुण्यात ती बघायला गेले, आणि खरं सांगते, गाडीखाली वाकून पाहिलं तेव्हा डोळे भरून आले. सगळं होतं. शिडीची चेसी होती. पुढे-मागे अखंड आस होते, ज्यांना आपले मेकॅनिक हाउजिंग म्हणतात. गिअरशेजारी खराखुरा दांडा होता, टू-हाय, फोर-हाय, फोर-लो. वजन बाराशे किलोच्या आसपास, आजच्या काळात हे पिसासारखं. ज्या इंजिनिअरांनी ती केली त्यांनी आतला जीव तसाच ठेवला होता. हब आता आपोआप लागतात, खाली उतरावं लागत नाही; त्याचंही मला वाईट वाटलं नाही. मग मी उठून आत डोकावले. मोठा टचस्क्रीन, सहा एअरबॅगा, दिवे धुवायला पाण्याचे फवारे, आणि बसायला चार जागा. मामाजी त्यात पोती कुठे ठेवणार? भाऊ सहा पर्यटक कुठे बसवणार?

किमतीत कराचाही हात आहे. चार मीटरच्या आतली लांबी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन असलं तरच लहान गाडीचा कमी कर लागतो. जिम्नीची लांबी आत बसते, इंजिन दीड लिटरचं असल्यानं बसत नाही. पण सगळा दोष करावर टाकता येत नाही. ती गाडी कुणासाठी आहे हे ठरवतानाच काहीतरी हुकलं असं मला ठामपणे वाटतं. शहरातल्या कुटुंबाला तेवढ्या पैशांत जास्त ऐसपैस गाड्या मिळत होत्या. आणि ज्याला तिची गरज होती त्याच्या ती आवाक्यात नव्हती. पहिले काही महिने तीन-साडेतीन हजार गाड्या गेल्या, वर्ष संपता संपता आकडा हजाराच्या खाली आला.

आणि मग जपानमध्ये जे झालं ते वाचून मी भावाला रात्री अकराला फोन लावला. ३० जानेवारी २०२५ ला हीच पाच दारांची, गुडगावात बनलेली जिम्नी सुझुकीनं तिकडे ‘नोमाड’ या नावानं जाहीर केली. महिन्याला १,२०० गाड्या विकायचा अंदाज होता. चार दिवसांत ५०,००० मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणीच थांबवावी लागली. इथे जी पडून राहिली, तिच्यासाठी तिथे वर्षानुवर्षांच्या रांगा.

या गोष्टीत एका माणसाची आठवण येते. ओसामू सुझुकी. साठच्या दशकाच्या अखेरीस होप नावाच्या एका छोट्या जपानी कंपनीनं चिमुकली चारचाकी ओढीची गाडी बनवली होती, तिचे हक्क सुझुकीनं घ्यावेत म्हणून कंपनीतल्यांचा विरोध पत्करून त्यांनी आग्रह धरला. त्यातून एप्रिल १९७० मध्ये पहिली जिम्नी निघाली. इंजिन अवघं ३५९ सीसीचं, दोन स्ट्रोकचं. १९८२ मध्ये मारुतीशी करार करणारेही तेच, आणि जिप्सी ही त्या जिम्नीचीच लांब केलेली बहीण. २५ डिसेंबर २०२४ ला ते गेले. त्यांच्या मागे जेमतेम सव्वा महिन्यात भारतातल्या कामगारांच्या हातची जिम्नी त्यांच्या देशात जाहीर झाली आणि तिनं ही गर्दी खेचली. भावाला हे सगळं सांगितलं तर तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘म्हंजे आपल्याच पोरानं केली, अन् आपल्यालेच नाही.’

जुन्या दणकट गाड्यांना परत बोलावण्याची ओढ सगळीकडेच आहे. अमेरिकेत फोर्डनं १९९६ मध्ये ब्रॉन्को बंद केली, २०१७ च्या जानेवारीत परत आणू म्हणाले, आणि गाडी जुलै २०२० मध्ये दाखवली. मधली साडेतीन वर्षं लोकांनी अंदाज बांधण्यात घालवली. इंग्लंडमध्ये शेवटची जुनी डिफेंडर जानेवारी २०१६ मध्ये कारखान्याबाहेर आली. नवी २०१९ मध्ये आली ती शिडीची चेसी टाकून, आणि बनते स्लोव्हाकियात. मित्सुबिशीच्या पजेरोनं डाकार शर्यत बारा वेळा जिंकली, तरी २०२१ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आता तिच्याही परतीच्या बातम्या येत असतात. आपल्याकडे टाटांची सिएरा २०२५ च्या नोव्हेंबरात परत आली, ती नावाने आणि मागच्या काचेच्या आकाराने. या सगळ्यांत मला टोयोटाची लँड क्रूझर ७० जवळची वाटते. १९८४ चा तो ठोकळा २०२३ मध्ये जपानच्या बाजारात परत आला तेव्हा त्याला परत जन्माला यावं लागलं नाही. आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियाच्या खाणींत तो सगळा वेळ काम करतच होता.

काम करत राहिलेली गाडी आणि आठवणीत राहिलेली गाडी यांत हाच फरक पडतो. आठवणीतून गाडी परत आणायला निघालं की चेहरा पहिला आठवतो : गोल दिवे, चौकोनी खांदे, मागची स्टेपनी. पाटा तुटल्यावर काय करायचं, हे कुणालाच आठवत नाही.

भावाच्या जिप्सीचा पाटा मागच्या मार्चमध्ये तुटला. दुपारच्या फेरीआधी तासभर. मी तिथेच होते. मोहर्ली गेटपासून दहा मिनिटांवर एका माणसाची टिनाची शेड आहे, दाराशी जुन्या पाट्यांची चळत रचलेली. त्यानं गाडी जॅकवर घेतली, यू-बोल्ट सोडले, तुटलेला पाटा बाहेर ओढला, चळतीतून त्याच मापाचा एक निवडला, भोकाला भोक लावून बघितलं, दोन घाव घालून कमान जुळवली आणि बसवला. ग्रीस लावलं. साडेआठशे रुपये. पन्नास मिनिटांत गाडी गेटवर रांगेत उभी होती. त्या दिवशीचे सहा पर्यटक पंढरपूरकडचे होते, त्यातल्या आजी आयुष्यात पहिल्यांदा जंगलात आलेल्या. दोन महिने आधी काढलेलं बुकिंग. गाडी उभी राहिली असती तर त्यांची फेरी गेली असती.

आत, तलावाच्या पुढच्या वळणावर, सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, आला. भावानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि गाडी उतारावर आपोआप दहा-बारा फूट पुढे जाऊ दिली. उघडी गाडी, डोक्यावर काही नाही, बाजूला काच नाही. बांबूतून वारा वाहताना ऐकू येत होता. आजींनी पदर तोंडाशी धरलेला. दुसरा कॉल आला, मग वानराचा, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग ती वाघीण रस्त्याच्या कडेला आली तेव्हा तिच्या पायाखालचं पानसुद्धा ऐकू आलं. गाडी किती हलकी असावी, किती उघडी असावी, किती गप्प बसता यावं तिला, याचं माप मला तिथे मिळतं.

म्हणून कुणी मला विचारलंच, तर माझी मागणी एवढी आहे. नाव जिप्सी ठेवा, जिम्नी ठेवा, काहीही ठेवा. ती शिडीची चेसी, तो दांडा, ते कमी वजन तुमच्याकडे आजही आहे, रोज गुडगावात बनतंय, जहाजानं जातंय. त्यातलीच एक गाडी उघडी करा. टचस्क्रीन काढा, मागची सीट काढा, सपाट लोखंडी तळ द्या, एअरबॅग आणि एबीएस ठेवा, आणि वनखात्याला, पोलिसांना, आदिवासी भागातल्या आरोग्य पथकांना, भावासारख्या माणसांना परवडेल अशा किमतीत द्या. आपल्या पुण्याच्या फोर्सनं गुरखा टिकवून धरली आहे, नाशिकात थार बनते, दोन्ही भक्कम गाड्या आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण त्या मोठ्या, जड. हजार-बाराशे किलोत बसणारी, चार माणसांनी ढकलता येईल अशी कामाची गाडी आज या देशात नवी विकत मिळत नाही.

गेल्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मूलला गेले होते. मामाजी आता बहात्तरचे आहेत, गुडघे गेलेत, तेंदूपत्त्याचं काम केव्हाच सुटलं. ती जुनी जिप्सी शेतावर असते. हूड तीनदा बदललाय, पांढरा रंग बराचसा उडून गाडी आता मूळच्या हिरव्याकडे परतली आहे. संध्याकाळी अंगणात मी त्यांना भावानं पाठवलेला त्या वेळचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल हातात घेतला आणि मी करते तेच केलं. अंगठा आणि बोट लांबवून पुढचं चाक मोठं केलं. बराच वेळ बघत राहिले.

‘फिरवाचं काही दिसत नाही इथं,’ म्हणाले.

‘आता आपोआप लागतात, मामाजी.’

‘दोन्ही बरोबर लागतेत?’

‘हो. दोन्ही एकदम.’

त्यांनी मान हलवली. ‘मग बरं हाय.’

दुसऱ्या दिवशी रोवणीच्या पऱ्ह्यांसाठी, म्हणजे धानाच्या रोपांसाठी, बांधी बघायला शेतावर निघालो. गाडी तेच चालवत होते. क्लच दाबताना चेहरा थोडा आवळायचा, पण किल्ली देत नाहीत. रात्री पाऊस झालेला. गाव संपल्यावर डांबर संपलं, मग मुरूम संपला, आणि बांधाच्या अलीकडे नाल्यात पाणी उतरलेलं, दोन्ही काठांना काळा, चकचकीत गारा. मामाजींनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, आणि समोर बघत बसले. काही बोलले नाहीत.

मी चपला काढून सीटखाली सरकवल्या आणि उतरले. आधी डावीकडचा लावला. मग पाण्यातून फिरून उजवीकडे गेले.